विजेची दुचाकी : निगा बॅटरीची, काळजी घाटाची



परतवाडा-धारणी रस्त्यावर आता विजेच्या दुचाक्या दिसू लागल्या आहेत. पेट्रोल नाही, इंजिन ऑईल नाही, म्हणून पुष्कळांना वाटतं की या गाडीला देखभालच नको. देखभाल कमी आहे हे खरं. पण जी आहे ती बहुतेक बॅटरीची, आणि गाडीत सगळ्यांत महाग भागही तोच.

आधी आपल्या गाडीत बॅटरी कोणत्या जातीची आहे ते पाहून घ्यावे. स्वस्त गाड्यांत शिशाची, म्हणजे ट्रॅक्टरला असते त्या जातीची बॅटरी येते, इतरांत लिथियमची. दोघींची रीत उलटी आहे. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या पाट्यांवर क्षार घट्ट बसतो आणि मग ती भरत नाही. म्हणून तिला वापरल्यावर त्याच दिवशी पूर्ण भरावे. लिथियमचं तसं नाही. ती काठोकाठ भरून उन्हात ठेवली तर लवकर म्हातारी होते, अन् पार रिकामी करून महिनाभर टाकून दिली तरी बिघडते. रोजच्या कामाला २० ते ८० टक्क्यांत ठेवावी. पेरणीच्या दिवसांत गाडी उभीच राहणार असेल तर निम्मी भरून सावलीत ठेवावी आणि महिन्यातून एकदा पाहावी. कंपनीच्या पुस्तिकेत अधूनमधून पूर्ण भरा असं लिहिलं असेल तर ते ऐकावे.

आता उन्हाचं. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. माझंच सांगतो. भर दुपारी परतवाड्याहून घटांगचा चढ चढून सेमाडोहला पोचलो आणि लगेच चार्जर लावला. दिवा लागेना. वाटलं, चार्जर गेला. तासाभराने सावलीत गाडी निवली, अन् तोच चार्जर चालू झाला. बॅटरी तापली की आतली राखणदार यंत्रणा वीज घेत नाही. साध्या गाडीत ही यंत्रणा इतकी हुशार असेलच असं नाही, म्हणून ते काम आपण करावे. उन्हातून आलेल्या बैलाचा घाम मरू देतो, तसा गाडीला अर्धा-एक तास द्यावा.

घाटात बॅटरी किती खाते याचा हिशेब सोपा आहे. बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करून हजाराने भागावे. येतील ते युनिट. ४८ व्होल्ट, २४ अँपिअर-अवर म्हणजे सव्वा युनिटला थोडं कमी. गाडी, चालवणारा आणि मागचं पोतं मिळून दोन क्विंटल वजन ५०० मीटर उंच न्यायला साधारण एक तृतीयांश युनिट लागतं, रस्त्याचं अंतर वेगळं. म्हणून मैदानात ८० किलोमीटर जाते म्हणून घेतलेली गाडी चिखलदऱ्याच्या चढावर तेवढी जाणार नाही. जंगलातला रस्ता आहे. परतीचा चार्ज हातात ठेवूनच निघावे.

उतरताना दुसरी गोष्ट. पेट्रोलची गाडी गिअरमध्ये टाकली की इंजिन तिला आवरतं. इथे तो आधार नाही. काही गाड्यांत मोटर उलटी वीज करून वेग कमी करते, पण बॅटरी पूर्ण भरलेली असली की ती सोय जवळजवळ बंद पडते. म्हणून घाट उतरायच्या आधी १०० टक्के भरू नये, वेग सुरुवातीपासूनच कमी ठेवावा, आणि ब्रेकचे लायनर पावसाळ्याआधी तपासून घ्यावे. टायरमध्ये हवा कमी असली तरी चार्ज लवकर संपतो, तेव्हा आठवड्याला हवा पाहावी.

गाडी ओल्या फडक्याने पुसावी. मोटारपंपाच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नये. पाणी वायरींच्या जोडांत शिरतं. सिपनेला पूर आला असता फरशीवरून गाडी घालायचं धाडस तर मुळीच नको.

सगळ्यांत जास्त चार्जिंग सांभाळायचं. वेचलेला कापूस घरातच रचलेला असतो, बाजूला कुटार, पऱ्हाटी. अशा खोलीत, झोपायच्या खोलीत किंवा एकुलत्या एका दाराशी गाडी चार्जिंगला लावू नये. २०२२ साली देशात विजेच्या दुचाक्यांना आगी लागल्याच्या अनेक घटना घडल्या. त्यानंतर डिसेंबर २०२२ पासून बॅटरीच्या तपासणीचे नियम कडक झाले. जुनी गाडी घेताना ती कधी बनलेली आहे ते विचारावे. चार्जर गाडीचाच असावा, आर्थिंग असलेल्या बोर्डावर लावावा. वीज गेली तर चार्जर काढून ठेवावा. परत आल्यावर दाब स्थिर होईपर्यंत दहा मिनिटं थांबावे. बॅटरी फुगली, वास आला किंवा सूं-सूं आवाज आला तर हात लावू नये. जमल्यास मेन स्विच बंद करून माणसांना बाहेर काढावे. तो धूर विषारी असतो. मदतीसाठी ११२ ला फोन करावा.

बॅटरी गावात उघडून घेऊ नये, आणि जुनी झाल्यावर भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. विक्रेत्याकडे नेऊन द्यावी, पावती मागून घ्यावी.