शस्त्रक्रियेपूर्वीचे ‘उपाशीपोटी’ म्हणजे नेमके काय?

हर्निया, मूळव्याध, मूतखडा यांसारख्या अनेक शस्त्रक्रियांसाठी आता सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी परतता येते. रुग्णालयातील मुक्काम त्यामुळे वाचला. मात्र आदल्या रात्री रुग्णाला उपाशी ठेवण्याची जी जबाबदारी पूर्वी परिचारिका सांभाळत, ती आता घरच्यांवर आली आहे. गोंधळ होतो तो इथेच.

आपल्याकडे उपवासाला साबुदाण्याची खिचडी, केळी, दूध चालते. भूलतज्ज्ञाच्या लेखी हे सारे अन्नच होय. ‘काही खाल्ले नाही, फक्त चहा घेतला’ हे उत्तरही तसेच फसवे. दूध जठरात गेल्यावर साकळते आणि तेथून पुढे सरकण्यास वेळ घेते. म्हणून दुधाचा चहा पाण्यात नव्हे, जेवणात मोजला जातो.

या काटेकोरपणाला कारण आहे. संपूर्ण भूल दिल्यावर गिळण्याच्या व खोकण्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात. जठरातील अन्न किंवा आम्ल घशाशी आले, तर ते श्वासनलिकेवाटे फुप्फुसांत उतरून गंभीर इजा करू शकते. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्ये प्रसूतीच्या वेळी भूल दिलेल्या स्त्रियांमधील या धोक्याचे सविस्तर वर्णन केले होते.

सर्वसाधारण नियमानुसार हलका आहार शस्त्रक्रियेच्या किमान 6 तास आधी, तर तळलेले, तुपकट किंवा मांसाहारी जेवण 8 तास आधी संपवावे लागते. तान्ह्या बाळाला आईचे दूध 4 तास आधीपर्यंत पाजता येते. वरच्या दुधाला 6 तासांचा नियम लागू होतो. साधे पाणी मात्र बहुतेक निरोगी रुग्णांना 2 तास आधीपर्यंत घेता येते. आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही न घेणे हे अधिक सुरक्षित नाही. त्याने घसा कोरडा पडतो, डोके दुखते, सलाईनसाठी शीर सापडणेही अवघड होते. मधुमेह, जठराचे विकार वा गर्भावस्था असल्यास हे तास बदलू शकतात. डॉक्टरांनी दिलेली वेळच अखेरची मानावी.

औषधांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्या त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, काही टाळायच्या असतात. उपाशीपोटी नेहमीचे इन्सुलिन घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे सहसा किमान 3 दिवस आधी थांबवली जातात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत, कारण हृदयात स्टेंट बसवलेल्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकते. आयुर्वेदिक काढे, तंबाखू, मद्य यांची माहितीही भूलतज्ज्ञाला द्यावी. संकोचापोटी नेमकी हीच दडवली जाते.

दागिने घरी ठेवावेत, नखांवरील रंग काढून टाकावा. बोटाला लावलेले प्राणवायू मोजणारे यंत्र गडद रंगामुळे चुकीचा आकडा दाखवू शकते. विमा असल्यास संबंधित शस्त्रक्रिया ‘डे केअर’मध्ये बसते का, याची खात्री आधीच करावी.

संपूर्ण भूल किंवा गुंगीचे औषध घेतलेल्या रुग्णाने 24 तास वाहन चालवू नये, महत्त्वाच्या कागदपत्रांवर सही करू नये. घरी नेण्यासाठी व रात्री सोबतीसाठी जबाबदार प्रौढ व्यक्ती नसल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाऊ शकते. सकाळी चुकून काही खाल्ले गेले असेल, तर तेही रुग्णालयात पोहोचताच सांगावे. बहुधा काही तास थांबावे लागते किंवा दुसरी तारीख मिळते.