नऊ ऑगस्टचा आठ सप्टेंबर

मेसच्या खाड्यांसाठी आम्ही तिघांनी एक छोटीशी वेबसाईट केली होती. कधीपासून जाणार ती तारीख आणि किती दिवस ते टाकायचं, की तेवढे पैसे बिलातून वजा! टेस्टिंग केलं ०८/०८/२०२४ ला. सगळं झकास.

दुसऱ्याच दिवशी वडिलांना ॲडमिट केल्याचा फोन आला म्हणून आमचा रूममेट गावी पळाला. जाताना ०९/०८/२०२४ टाकून आठ दिवसांचा खाडा भरून गेला. महिनाअखेर बिल आलं ते पूर्ण! बिचारा मेसवाल्या काकांशी भांडून आला. एन्ट्री सापडली कुठे? तर ८ सप्टेंबरला!

झालं काय होतं, की आम्ही ती तारीख जशीच्या तशी जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टला दिली. अशी तारीख ब्राउझर अमेरिकन पद्धतीने वाचतो, म्हणजे आधी महिना, मग दिवस. १३/०८ दिलं तर तेरावा महिना नसल्यामुळे ‘इनव्हॅलिड डेट’ तरी येतं. पण १२ तारखेपर्यंत सगळं गुपचूप उलटं होतं. आणि ०८/०८ उलटं केलं तरी तेच! म्हणून आमचं टेस्टिंग पास.

मग करायचं काय? मशीनला अंदाज बांधू द्यायचा नाही. तिरक्या रेघेवर तारीख तोडून दिवस, महिना, वर्ष आपणच वेगळं करायचं. डेट ऑब्जेक्टला देताना महिन्यातून एक वजा करायचा, कारण तिथे जानेवारी म्हणजे शून्य. तयार झालेली तारीख उलट तपासायची, कारण ३१ फेब्रुवारी दिली तर ती तक्रार न करता मार्चमध्ये ढकलली जाते. कोणी देवनागरी आकडे टाकले तर जावास्क्रिप्ट त्यांना संख्या मानत नाही, ते आधी इंग्रजी आकड्यांत बदलून घ्यायचे.

साठवताना आयएसओ ८६०१ प्रमाणे २०२४-०८-०९ असं ठेवायचं. पण तेही डेट ऑब्जेक्टला नुसतं दिलं तर ग्रिनिचची मध्यरात्र धरली जाते. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच, पण अमेरिकेत अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ!

एरर आली की आपण वैतागतो, पण ती निदान तोंडावर सांगते. न सांगता होणारी चूक दुसऱ्याच्या खिशातून जाते. रूममेटचे पैसे परत मिळाले. काकांची माफी मात्र आम्हाला मागावी लागली. त्यांच्या वहीत ‘९ ऑगस्ट’ असं अक्षरात लिहिलेलं होतं.