समुद्र न दिसणाऱ्या वर्गातून

स्वयंपाकघरातली एखादी जुनी ताटली घ्यायची, २० सेंटीमीटर व्यासाची. तिचे चार समान भाग आखायचे आणि एकाआड एक काळा-पांढरा रंग द्यायचा. मधोमध भोक पाडून त्यातून दोरी ओवायची, खाली वजन बांधायचं आणि दोरीला दर १० सेंटीमीटरवर एक गाठ मारायची. मग ताटली आडवी राहील अशा बेतानं हळूहळू पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की थांबून गाठी मोजायच्या. वर ओढताना पुन्हा दिसू लागली की पुन्हा मोजायच्या. दोन्हींची सरासरी काढली की पाणी किती पारदर्शक आहे याचा आकडा हाती येतो. इटलीच्या आंजेलो सेक्की नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं १८६५ साली पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात असाच प्रयोग केला. उपग्रहांच्या आजच्या काळातही समुद्रशास्त्रज्ञांनी ही तबकडी टाकून दिलेली नाही.

हे सगळं शिक्षकाला एका तासिकेत शिकवता येतं. तरी पर्यावरण शिकवणाऱ्या किती शिक्षकांनी ती दोरी हातात धरली असेल? समुद्र आणि पर्यावरण शिकवणाऱ्याला स्वतः शिकायची संधी कुठं आणि कशी मिळते, हा विषय या दोरीपासूनच सुरू होतो. तो समजून घ्यायला आपण मुंबई किंवा रत्नागिरीला न जाता तमिळनाडूतल्या पापनाशमला जाऊ.

भाताच्या गावातून खाडीकडे

पापनाशम तंजावर जिल्ह्यात, तंजावर-कुंभकोणम रस्त्यावर आहे. गावाजवळून कुडमुरुट्टी वाहते, ती कावेरीचीच एक शाखा. आसपास नजर जाईल तिथवर भात, आणि गावात नायक राजांच्या काळातलं धान्याचं भलंमोठं कोठार. इथल्या वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही. मात्र शेतात टाकलेलं खत, बाजारातलं प्लास्टिक आणि कावेरीचा गाळ यांचा शेवटचा मुक्काम बंगालचा उपसागरच असतो. हा धागा शिक्षकाला दाखवता आला तर ‘सागरी परिसंस्था’ हा धडा गावचा होतो. नाही आला, तर तो पाच गुणांची व्याख्या म्हणून पाठ होतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो.

तंजावरला समुद्रकिनारा आहे हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात नसतं. जिल्ह्याची दक्षिणेकडची कड पाल्कच्या सामुद्रधुनीला टेकते. तिथं सरभेंद्रराजपट्टिनमजवळ सरफोजी राजे दुसरे यांनी नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून १८१४-१५ मध्ये ‘मनोरा’ नावाचा बुरूज बांधला. त्याच्या शिलालेखांत मराठीही आहे. या किनाऱ्यासमोरच्या पाण्यात समुद्री गवताची मोठी कुरणं आहेत आणि त्यांवर चरणारा डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारनं तंजावर आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांलगतचं ४४८ चौरस किलोमीटर पाणी डुगाँगसाठी राखीव केलं. असं राखीव क्षेत्र देशात पहिलंच. जवळच्या वेलिवयल गावात ‘ओमकार’ या संस्थेचं पाल्क बे पर्यावरण शिक्षण केंद्र आहे आणि समुद्री गवत हाच तिच्या कामाचा गाभा आहे. पापनाशमच्या शिक्षकाला हे सारं शंभर किलोमीटरच्या आत मिळतं.

परक्या किनाऱ्याचा धडा

पण किनाऱ्यावर प्रत्यक्ष जायची गरज काय? पुस्तक आहे, व्हिडिओ आहेत, मोबाइलवर अभ्यासक्रम आहेत. गरज अशासाठी की समुद्र सगळीकडे सारखा वागत नाही. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. त्यामुळे हाजी अली किंवा जुहूच्या खडकांवर ओहोटीला उतरलं की खेकडे, समुद्रफुलं, गोगलगाई हाताच्या अंतरावर भेटतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या २०१७ पासूनच्या नागरिकांच्या उपक्रमानं हे शेकडो मुंबईकरांना दाखवलं. तोच किनारपाठ पाल्कच्या उपसागरात नेला तर शिक्षक फसतो. तिथं हा फरक जेमतेम अर्धा-पाऊण मीटर, समुद्र उथळ, आणि खडकांच्या जागी चिखल, वाळू आणि गवत. पाऊसही तिथं उलट्या बाजूनं येतो. आपल्या पुस्तकातला मोसमी पाऊस जूनमध्ये नैऋत्येकडून येतो, तर तंजावरचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्येकडून.

शिक्षकांच्या मनातले घट्ट गैरसमजही किनाऱ्यावरच सुटतात. समुद्री गवताला सर्रास शेवाळ म्हटलं जातं. ते शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, ते फुलतं आणि त्याचं परागीकरण पाण्याखाली होतं. मूठभर गवत मुळासकट हाती घेऊन पाहिलेला शिक्षक हा फरक पुन्हा विसरत नाही. उलट बाजूनं, काही गोष्टी दोन्ही किनाऱ्यांना जोडतात. पाल्कच्या काठावरच्या मुत्तुपेट्टैच्या खारफुटीत सर्वांत जास्त जे झाड दिसतं ते आपलं तिवर, ठाण्याच्या खाडीत चिखलातून श्वसनमुळांच्या पेन्सिली वर काढणारं तेच. तमिळमध्ये अशा रानाला ‘अलैयात्ति काडु’ म्हणतात, लाटांना शांत करणारं रान. नोव्हेंबर २०१८ मध्ये गाजा चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळलं. ज्या मुलांच्या घरच्या नारळी त्यात आडव्या झाल्या, त्यांना ‘खारफुटीचे फायदे’ शिकवताना पुस्तक बाजूला ठेवावं लागतं.

सक्ती आली, शिक्षक कुठून?

नोव्हेंबर १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं पुढे सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम आखला आणि त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. इराच भरुचा यांनी लिहिलं. महाराष्ट्रात तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ आणि अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ आहे. विषय सक्तीचा झाला, पण त्याचा खास शिक्षक त्या प्रमाणात घडला नाही. ज्याच्या तासिका कमी पडतात त्याच्याकडे हा विषय येतो, हे कुठल्याही शिक्षकखोलीत ऐकायला मिळतं. भूगोलवाला, जीवशास्त्रवाला, प्रसंगी वाणिज्यवालाही. अशा शिक्षकाला प्रशिक्षणाचा आधार सर्वांत जास्त लागतो.

कागदावर आधार बरेच आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे ठरवले. त्याआधीच २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे ऑनलाइन व्यासपीठ आणि २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हा शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला होता. महाविद्यालयीन प्राध्यापकांना ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर अभ्यासक्रम ठाऊक आहेतच. ते घेणारी केंद्रं आता मालवीय मिशनच्या नावानं चालतात. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीसाठी बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर प्रशिक्षण घ्यावं लागतं. यातलं बरंचसं पडद्यावर होतं. लिंक येते, व्हिडिओ चालतो, प्रश्नावली भरली की प्रमाणपत्र उतरवता येतं. अध्यापनाची पद्धत, मूल्यमापन, समावेशक वर्ग अशा गोष्टींना हे चालतं. मात्र पाण्याची क्षारता मोजायला पाणीच लागतं.

पापनाशमहून कुठं कुठं

म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्यांची यादी बाजूला ठेवून शिक्षकानं आपल्या भोवती हात चिखलात घालू देणाऱ्यांची यादी करावी. पापनाशमच्या स्थानकातून कुंभकोणम, मयिलाडुतुरै, चिदंबरम अशी जुनी रेल्वे जाते. चिदंबरमच्या थोडं पुढे त्याच मार्गावर परंगिपेट्टै आहे. तिथं वेल्लार नदीच्या मुखावर अण्णामलै विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र केंद्र आहे. नदी समुद्राला मिळते तिथंच प्रयोगशाळा, आणि जवळच पिचावरमची खारफुटी. या खारफुटीत माशाच्या काट्यासारखे चर खणून तिला पुन्हा पाणी मिळवून देण्याचं काम एम. एस. स्वामिनाथन रिसर्च फाउंडेशननं केलं. स्वामिनाथन जन्मले कुंभकोणमला, पापनाशमच्या शेजारी. शेतीतल्या कामासाठी जगानं ओळखलेल्या माणसाची संस्था खारफुटीत उतरली, हा तिथल्या शिक्षकासाठी तयार पाठच आहे. नागपट्टिनमला तमिळनाडूचं मत्स्य विद्यापीठ आहे आणि पाल्कच्या दक्षिण टोकाला मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र.

आपल्याकडची यादीही लहान नाही. वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, रत्नागिरीचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आणि मत्स्य महाविद्यालय, गोव्यात दोना पावलाची १९६६ पासूनची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. आणि कासवांच्या पिल्लांना समुद्रात सोडणारं मंडणगड तालुक्यातलं वेळास. यातल्या प्रत्येक ठिकाणी शिक्षकांसाठी वर्ग भरलेला असेलच असं नाही, पण पत्र लिहून, वेळ ठरवून गेलेल्या शिक्षकाला दाखवायला तिथं भरपूर आहे. प्राध्यापकांसाठी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्र माहिती केंद्रात समुद्राचा अंदाज कसा बांधतात याचे छोटे अभ्यासक्रम चालतात.

जगात यापुढचंही घडलंय. अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र आणि हवामान संस्थेनं १९९० पासून शाळाशिक्षकांना संशोधन जहाजांवर नेलं, ते तिथं शास्त्रज्ञांबरोबर पाळी लावून काम करत. तिथल्याच शिक्षकांनी आणि समुद्रशास्त्रज्ञांनी एकत्र बसून सागर-साक्षरतेची सात तत्त्वं ठरवली आणि २०१७ मध्ये युनेस्कोनं त्यावर जगभरच्या शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. पहिलंच तत्त्व सांगतं की पृथ्वीवर महासागर एकच आहे. वर्सोवा आणि वेलिवयल हे त्याचेच दोन काठ.

कार्यमुक्ती आणि मासेबंदी

अडचणी संधी सापडल्यावर सुरू होतात. प्रशिक्षणाला जायचं तर मुख्याध्यापकांनी कार्यमुक्त करायला हवं आणि त्या दिवसाच्या तासिका कुणीतरी घ्यायला हव्यात. प्रवासखर्च बहुधा स्वतःचाच. ओहोटी शाळेचं वेळापत्रक पाहून येत नाही. त्यामुळे उरते ती उन्हाळ्याची सुट्टी, आणि इथं एक उपयोगी योगायोग आहे. पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवस मासेबंदी असते, आणि तमिळनाडूच्या शाळांची सुट्टी त्यातच पडते. बोटी धक्क्याला लागलेल्या, माणसं जाळी विणत बसलेली. एरवी मासळी उतरवताना कुणाला बोलायला फुरसत नसते, या दिवसांत एकेक मासा, एकेक जाळं समजावून सांगायला वेळ असतो. आपल्या किनाऱ्यावर बंदी १ जून ते ३१ जुलै. म्हणजे शाळा भरण्याआधीचा जूनचा पहिला पंधरवडा कोकणातल्या शिक्षकाला खुणावणारा आहे.

माशांकडून शिकणारे शिक्षक या मुलखाला नवे नाहीत. पापनाशमच्या पूर्वेला किनाऱ्यावर तरंगंबाडी आहे, जुन्या डॅनिशांचं ट्रांकेबार. तिथल्या मिशनमध्ये क्रिस्तोफ सॅम्युअल जॉन नावाचे पाद्री शाळा चालवत आणि समुद्रातले मासे जमवून बर्लिनच्या ब्लोख या मत्स्यतज्ज्ञाकडे पाठवत. ब्लोखनं १७९३ मध्ये माशांच्या एका प्रजातीगटाला त्यांचं नाव दिलं, ‘जोनियस’. मुंबईच्या बाजारात ज्यांना ढोमा म्हणतात त्यांत या गटातले मासे येतात. सरफोजी राजांना घडवणारे पाद्री श्वार्ट्झ याच मिशनचे, आणि पुढे राजांनी आपल्या शाळांत नव्या विद्यांना जागा दिली ती त्याच संस्कारातून. शाळामास्तर गोळा करतो, नोंदवतो, कुणालातरी पाठवतो, ही चाल इथं दोनशे वर्षांहून जुनी आहे.

आता पुन्हा त्या ताटलीकडे. कालव्याचं पाणी उथळ असेल आणि तळच दिसत असेल तर ताटली निकामी. तिथं तळाशी तसंच काळं-पांढरं चिन्ह लावलेली उभी पारदर्शक नळी वापरतात. नळीत पाणी ओतत जायचं आणि चिन्ह दिसेनासं झालं की उंची मोजायची. हा फरक पुस्तकात वाचलेला शिक्षक आणि स्वतः फसून शिकलेला शिक्षक मुलांसमोर वेगवेगळे उभे राहतात. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडतात, शाळाही त्याच सुमाराला भरलेली असते. नवं पाणी पोचायच्या आदल्या दिवशी एक नोंद, पोचल्यावर दुसरी, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला आडि पेरुक्कुच्या सणाला सारा गाव नदीवर लोटतो तेव्हा तिसरी. वहीत फक्त तीन आकडे. पण ते ज्या मुलानं मोजले त्याला कुडमुरुट्टीचं पाणी कुठं जातं हे विचारावंसं वाटेल, आणि त्याचे शिक्षक एकदा परंगिपेट्टैला जाऊन आले असतील तर उत्तरासाठी त्यांना पुस्तक उघडावं लागणार नाही.