पेंढ्यावरची कालवे

दापोलीजवळच्या बुरोंडीसारख्या समुद्रकाठच्या गावी कालवे कुठे मिळतात, हे कुणाला सांगायला नको. ओहोटी लागली की खडकावर जायचे आणि शिंपली फोडून काढायची. पण कालवे भाताच्या पेंढ्यावरही येतात असे म्हटले, तर आपण हसाल!

ही कालवे म्हणजे अळंबीचाच एक प्रकार. तिची छत्री शिंपलीसारखी एका बाजूला पसरते, म्हणून इंग्रजीत तिला कालवाचे नाव पडले. आपल्याकडे तिला धिंगरी म्हणतात. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील झेहरा बानो आणि श्रीवास्तव यांनी भाताच्या पेंढ्यावर ती वाढवण्याचे प्रयोग १९६२ साली प्रसिद्ध केले.

पेंढाच का? झाड उन्हाच्या बळावर आपले अन्न आपण करते. बुरशीला ते जमत नाही. ती दुसऱ्याच्या उरल्यासुरल्यावर जगते. पेंढ्याचा जो चिवट भाग गुराच्या पोटातही नीट पचत नाही, तोही धिंगरी फोडते. पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी आपण आवडीने खातो ना? तिथे वाळवी पालापाचोळ्यावर बुरशीची शेतीच करीत असते. आता घरोघरी पूर्वीइतकी गुरे नाहीत, घरेही पेंढ्याने शाकारीत नाहीत. मग उडवीतला पेंढा कुजू द्यायचा, की त्याची भाजी करायची?

कृती सोपी आहे. स्वच्छ, न भिजलेला पेंढा बोट-दोन बोटे लांबीचा कापावा. गोड्या पाण्यात रात्रभर भिजवावा. मग ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवून निथळावा. मुठीत दाबला तर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. पाच किलो ओल्या पेंढ्याला सुमारे शंभर ग्रॅम बियाणे लागते. बियाणे म्हणजे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी. प्लास्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा एक थर, बियाण्याचा एक थर असे दाबून भरावे, तोंड बांधावे आणि बारीक भोके पाडावीत.

पिशवी अंधाऱ्या, गार खोलीत ठेवली की पंधरा-वीस दिवसांत सगळा पेंढा पांढऱ्या धाग्यांनी बांधला जातो. मग पिशवी कापून काढावी. आता थोडा उजेड व खेळती हवा द्यावी आणि दिवसातून दोन-तीन वेळा पाणी फवारावे. चार-पाच दिवसांत छत्र्या फुटतात. त्यांच्या कडा वर वळण्याआधी त्या पिळून काढाव्यात. एक किलो कोरड्या पेंढ्यामागे तीन तोडण्या मिळून अर्धा ते एक किलो धिंगरी मिळते.

गरम पाण्याचा कंटाळा मात्र करू नका. पहिल्या खेपेस मी तो केला. म्हटलं, भिजला आहे, पुरे झालं! आठवड्यात पिशव्या हिरव्या पडल्या आणि सगळ्या उकिरड्यावर गेल्या. पेंढ्यावर नाना बुरश्या टपलेल्याच असतात. गरम पाणी त्यांना हटवते आणि धिंगरीला पुढे जायला वाव देते. या शेतीत खुरपणी आधीच करायची असते, मागून करता येत नाही. खोलीतही तोंडाला फडके बांधून वावरावे. छत्र्यांतून उडणाऱ्या बीजाणूंनी काहींना खोकला जडतो. आणि पिशवीवर अनोळखी छत्री उगवली, तर ती खाऊ नये.

दुसरी गोष्ट विक्रीची. ताजी धिंगरी एक-दोन दिवसांतच मऊ पडू लागते. हे बुरोंडीच्या कोळ्यांना काय सांगावे? मासळी लागण्याआधी गिऱ्हाईक कुठे आहे, हे त्यांना ठाऊक असते, आणि उरली तर ती सुकवायची. धिंगरीचेही तसेच. दहा किलो सुकवली की किलोभर उरते, आणि कोरड्या, बंद डब्यात ती महिनोन्‌महिने टिकते.

तेव्हा एकदम शंभर पिशव्या मांडू नका. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथे चौकशी करा, खात्रीचे बियाणे मिळवा आणि पडवीच्या कोपऱ्यात दोनच पिशव्या टांगा. साधल्या तर घरात भाजी होईल. उरलेल्या पेंढ्याचे खत माडाच्या आळ्यात घाला. आणि फसल्या, तर गेला तो दोन पिशव्यांचा पेंढा. पण कुठे चुकले हे कळेल, आणि पुढच्या पिशव्या त्या शहाणपणावर भरता येतील.