वेबसाइट आधी की कामाचा नकाशा आधी?

आपल्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांनी आता वेबसाइट तयार करून घेतली आहे. आम्ही मालेगावात कापडाचा व्यापार करतो. काही वर्षांपूर्वी आम्हीही ती करून घेतली. त्या वेळी झालेला घोटाळा मुद्दाम सांगत आहोत. त्यातून मिळालेला धडा इतरांच्याही उपयोगी पडावा.

वेबसाइटवर मागणी नोंदवून आगाऊ रक्कम भरली की 'प्रोसेसिंग' हा शब्द आपोआप दिसे. तयार साच्यातला तो शब्द. त्याचा अर्थ इतकाच की पैसे मिळाले, पुढचे काम चालू आहे. पण कापडवाल्यांच्या बोलीत प्रोसेसिंग म्हणजे रंगाई-छपाई! परगावच्या एका व्यापाऱ्याने 60 ताग्यांची मागणी दिली, हा शब्द वाचला, माल पालीला रंगाईस पोहोचला असे समजला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तारीख देऊन बसला. प्रत्यक्षात बीम अजून सायझिंगमध्येच होते. लग्नसराई हातची गेली आणि आमचे जुने गिऱ्हाईक तुटले.

दोष वेबसाइट करणाऱ्याचा नव्हता. आम्ही दुकानाची दर्शनी बाजू मागितली, ती त्याने बांधून दिली. माल कोणत्या वाटेने जातो, हे आम्ही त्याला सांगितलेच नव्हते.

दर्शनी बाजूची हत्यारे

वेबसाइट बनविण्याची हत्यारे आता सर्वत्र मिळतात. एचटीएमएलने पानाचा सांगाडा उभा राहतो, सीएसएसने त्याला रंगरूप येते, जावास्क्रिप्टने बटणे काम करू लागतात आणि पीएचपीसारख्या भाषेने मागणी नोंदली जाते. यांतील शेवटच्या दोन्ही भाषा 1995 साली आल्या. 2003 साली वर्डप्रेस आले आणि संगणकाचे फारसे ज्ञान नसलेल्यालाही वेबसाइट चालविता येऊ लागली.

मात्र वेबचा मूळ स्वभाव विसराळू आहे. एक पान पाठविले की सर्व्हर ते मागणाऱ्याला विसरतो. म्हणून 1994 साली 'कुकी' निघाली. गिऱ्हाइकाच्या संगणकात ठेवलेली ही ओळखचिठ्ठीच म्हणा. काउंटरवरच्या रोखीच्या सौद्याला एवढे पुरते. आपला सौदा मात्र आठवडेच्या आठवडे चालतो. सूत, सायझिंग, माग, रंगाई, घडी, बिल्टी, यांत माल कोठे अडला हे लक्षात ठेवण्याची सोय निराळी करावी लागते.

कामाच्या नकाशाची भाषा

त्यासाठी दुसऱ्या प्रकारच्या भाषा आहेत. कामाचे टप्पे चिन्हांनी मांडण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने 1921 साली इंजिनियरांच्या सभेत ती मांडली होती. आज जगभर चालणारी अशी भाषा म्हणजे बीपीएमएन. ती 2004 साली प्रथम प्रसिद्ध झाली, तिची दुसरी आवृत्ती 2011 साली आली आणि 2013 साली तिला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली.

तिची मुख्य चिन्हे तासाभरात समजतात. बारीक रेघेचे वर्तुळ म्हणजे सुरुवात, जाड रेघेचे म्हणजे शेवट. गोल कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे एक काम. शंकरपाळ्याच्या आकाराची खूण म्हणजे फाटा: माल शिल्लक आहे काय? असेल तर या वाटेने, नसेल तर त्या वाटेने. वर्तुळातले घड्याळ म्हणजे ठरलेली मुदत. मुनीम, मुकादम, पॅकिंगवाला, प्रत्येकाचा पट्टा वेगळा आखतात, म्हणजे कोणते काम कोणाच्या अंगावर आहे ते स्पष्ट होते.

यातला एक नियम आम्हाला फार पटला. आपल्या पेढीतली कामे सलग बाणाने जोडतात, पण दुसऱ्याच्या पेढीकडे फक्त तुटक रेघेचा बाण जातो. तो निरोपाचा बाण. रंगाईवाल्यावर आपला हुकूम चालत नाही. त्याला निरोप धाडायचा आणि उत्तराची वाट पाहायची. घोटाळा नेमका तेथेच होतो.

दुसरी भाषा बीपीईएल. तिचे मानक 2007 साली ठरले. ती संगणकाने संगणकाशी बोलण्यासाठी होती. तिला स्वतःची चित्रे नव्हती आणि माणसाने हाताने करायच्या कामाला तिच्या मूळ मानकात जागा नव्हती. आपल्या धंद्यात निम्मे काम मुनीम आणि मुकादमच करतात, तेव्हा ती आपल्या उपयोगाची नाही.

मग करावे काय?

तयार माल काउंटरवर विकणाऱ्याला साधी वेबसाइट पुरेशी आहे. पण ज्याचा माल चार हातांतून जातो, त्याने वेबसाइटवर पैसे घालण्यापूर्वी कामाचा नकाशा काढावा. त्याला महाग सॉफ्टवेअर लागत नाही. बीपीएमएनचा नकाशा थेट चालविणारी सॉफ्टवेअरे आहेत, पण ती मोठ्या पेढ्यांचे काम. या भाषेचे नियमपुस्तक 500 पानांहून मोठे आहे. आपल्याला पाच-सहा चिन्हे बस्स.

आम्ही एका रात्री दुकान बंद झाल्यावर मुनीम आणि मुकादम यांना घेऊन बसलो आणि कापडाच्या पुठ्ठ्यावर नकाशा काढला. तेव्हा उघड झाले की बीम मागावर चढले हे मुकादमाला ठाऊक असे, पण ते मुनिमाला कळविण्याचे काम कोणाचेच नव्हते! आता ते मुकादमाच्या पट्ट्यात लिहिले आहे. वेबसाइटवरचे शब्दही बदलले: सूत घेतले, मागावर आहे, रंगाईला गेले, बिल्टी निघाली.

नकाशा काढला म्हणून माणसे आपोआप शिस्तीने वागतात असे नाही. मुकादमाने निरोप दिला नाही तर वेबसाइटही खोटेच बोलणार. पण चूक कोठे झाली ते आता त्याच दिवशी सापडते. पूर्वी ती गिऱ्हाईक तुटल्यावर कळत असे.