वीजबिलावरच्या तीन रकमा

साकोली असो की तुमसर, महावितरणच्या बिलावर तीन रकमा छापलेल्या असतात. आपण मधलीच पाहतो. लवकरच्या तारखेआत भरलं तर कर वगळून 1 टक्का सूट, मुदत चुकली की 1.25 टक्के विलंब आकार. रोवणीच्या धांदलीत केंद्रावर रांग कशाला लावायची? बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून ॲपवर नाहीतर यूपीआयने भरा, 0.25 टक्के सूट वेगळी. केंद्रावर घरगुती बिलाचे रोख 5000 रुपयांपर्यंतच घेतात. आणि चेकवाल्यांनो, जपून! चेक दिल्याची नव्हे, वटल्याची तारीख धरतात. शेवटच्या दिवशी चेक टाकणं म्हणजे दंड ओढवून घेणंच. मोबाइल नंबर नोंदवला नसेल तर आजच नोंदवा, बिलाचा मेसेज येतो.