अलिबाग की पणजी?

दिवाळीचा फराळ संपत आला की नागपुरात डिसेंबरच्या सुट्टीचे बेत सुरू होतात आणि माझ्या दवाखान्यात रक्तदाबाच्या नोंदीबरोबर एक प्रश्न हमखास येतो: यंदा अलिबाग की पणजी? समुद्र दोन्हीकडे आहे, ऐसपैस आणि महागडी निवासस्थानेही दोन्हीकडे आहेत. मग छायाचित्रात ज्याचा जलतरण तलाव अधिक निळा दिसतो, तेथील आरक्षण होते. तीन पिढ्या एकत्र निघणार असतील तर ही रीत मला पटत नाही. मी आधी विचारतो, सोबत कोण कोण येणार?

समजा, आजोबांचे वय ७२, हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसवलेला. आजींचे गुडघे धरलेले. नातू तीन वर्षांचा.

अलिबागला जाताना मुंबईत गेटवेहून मांडव्यापर्यंत सुमारे तासभर बोट आणि पुढे साधारण २० किलोमीटर रस्ता. धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांवरून हलत्या बोटीत पाऊल टाकणे आजींच्या गुडघ्यांना मानवणारे नाही. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मोटारीसह नेणारी रो-रो बोट सुरू झाली आहे; ती निवडावी. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्याने गोळी निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी. मळमळू लागल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

खरा फरक पोहोचल्यावर जाणवतो. अलिबागचे बहुतेक उंची बंगले गावात नसून किहीम, आवास, नागाव अशा गावांच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत आहेत. त्या एकांताचेच तर आपण पैसे मोजतो. जिल्हा रुग्णालय मात्र अलिबाग शहरात आहे. हृदयविकाराच्या झटक्यात बंद पडलेली रोहिणी जितक्या लवकर उघडावी तितका हृदयाचा स्नायू वाचतो. पहिले दोन-तीन तास सर्वांत मोलाचे. म्हणून आरक्षणापूर्वी यजमानांना एकच विचारावे: रात्री दोन वाजता अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागेल आणि वाहन कोणाचे? उत्तर चाचरत आले तर समजून घ्यावे. पणजीत हे कोडे सोपे आहे. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय शहरापासून सात-आठ किलोमीटरवर आहे. १०८ ही रुग्णवाहिका सेवा दोन्ही राज्यांत आहे; पण वाडीतल्या आडवाटेवरचा बंगला अंधारात शोधण्यात मिनिटे जातात.

नातवाची चिंता मला आजोबांहून अधिक वाटते. खासगी बंगल्याचा जलतरण तलाव बहुधा दिवाणखान्याच्या दाराशीच असतो आणि त्याला कुंपण नसते. लहान मूल बुडताना आरडाओरडा करत नाही. ते निमूटपणे पाण्याखाली जाते. प्राणवायूवाचून चार-सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. मोठी माणसे जेवणाच्या तयारीत असतात, प्रत्येकाला वाटते की मूल दुसऱ्याजवळ आहे. कोणाची नजर कोणत्या वेळी, हे नाव घेऊन ठरवावे. दुर्दैवाने प्रसंग आलाच, तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. मूल श्वास घेत नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब देणे सुरू करावे आणि दुसऱ्याने १०८ला फोन लावावा.

आणि समुद्र. आम्हा नागपूरकरांची पाण्याची ओळख अंबाझरी आणि फुटाळ्यावर झालेली. तेथे पाणी सकाळी जेथे असते तेथेच संध्याकाळी असते. अलिबागला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक अंतर पडू शकते; गोव्यात ते साधारण निम्मे असते. गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची व्यवस्था आहे. लाल बावटा असेल तेथे उतरू नये, लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या भागात पोहावे. अंधार पडल्यावर किंवा मद्य घेऊन कोठेही उतरू नये. हे सांगावे लागते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

वरील कुटुंबाला मी पणजी सुचवीन. मीरामारचा सपाट किनारा, कांपालला मांडवीकाठचा निवांत फेरफटका, आजींना चढण नाही. एकांत कमी मिळेल, हे खरे.

पण मुले दहा-बारा वर्षांची, पोहता येणारी आणि आजी-आजोबा रोज फुटाळ्याला फेरी मारणारे असतील, तर बेलाशक अलिबाग. सलीम अली यांनी सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण जेथे केले ते किहीम मुलांना दाखवावे. कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाता येते, त्यासाठी स्थानिक लोकांकडून त्या दिवसाची ओहोटीची वेळ विचारावी. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. पाणी उतरत असतानाच निघावे, ते चढू लागण्यापूर्वी किनाऱ्यावर परतावे. उशीर झालाच तर पाण्यातून वाट काढू नये, किल्ल्यावरच थांबून बोटीची वाट पाहावी.